सरांच्या गाडीचा पिकअप आणि काकूंच्या शेंगा

अहो वहिनी, ऐकलंत का? सरांची गाडी बरी झाली! हो हो, तीच, पोवई नाक्यावर सगळ्यांदेखत अडून बसायची ती. आणि दुखणं काय निघालं माहितीये? थांबा, असं नाही सांगत. आधी इकडे या, भिंतीला लागून उभ्या राहा. मधल्या काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी आहे. तुम्ही नेमक्या माहेरी गेलात आणि इथे केवढं रामायण घडलं!

कोजागिरीला होतात ना तुम्ही? मग काकूंचा तो टोमणा ऐकलाच असेल. दूध ओतता ओतता म्हणाल्या, गच्चीवर वाळत घातलेल्या शेंगा नवरात्रात अर्ध्या झाल्या माझ्या, आणि ज्यांच्या कमरेला दोन-दोन घरांच्या किल्ल्या, त्यांचं काय बाई… मावशी तिथेच पेले विसळत होत्या हो! सर आणि माई पुण्याला लेकीकडे गेले की तुळशीला पाणी घालायला किल्ली मावशींकडे असते, हे अख्ख्या शाहूपुरीला ठाऊक. मावशी एका शब्दाने बोलल्या नाहीत. पेले पुसले, पालथे घातले आणि दुसऱ्या दिवसापासून काकूंचं काम बंद. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर काय सांगत होते… गाडी. नवरात्रभर ती पोर्चमध्ये कव्हर घालून उभी. सर एसटीने गेले, एसटीने आले. आल्यावर गाडी काढली, ती लगेच चालू झाली, त्यात काही नाही. पण नाक्यावर थांबले, पहिला टाकला, क्लच सोडून रेस दिली, तर गाडी उठेचना! पाय खाली खाली जातोय, इंजिन नुसतं ऊंऽऽ करतंय, मग एक गचका, परत ऊंऽऽ… मागे एसटी, तिचा तो हॉर्न, सर घामाघूम. आणि एकदा दुसऱ्या-तिसऱ्यात गेली की काही झालंच नाही अशी सुरळीत पळायला लागली.

माईंनी त्याच दिवशी सांगितलं होतं बरं का. "अहो, ही थांबून निघतानाच रडते, पळायला लागली की गप्प होते." सर काय म्हणाले असतील? "तुला मशीनमधलं काय कळतंय!" शब्दाला शब्द सांगितलंय माईंनी मला. आणि सांगताना ओठ असे घट्ट मिटले होते की… असो. हेही लक्षात ठेवा.

मग काय, आपली गल्ली! कुणाच्या घरी बॉनेट उघडलं की चहाचं आधण ठेवायच्या आत माणसं गोळा. पहिले आले बँकेतले अण्णा. हात मागे बांधून इंजिनाकडे असं पाहिलं, जसं कर्जाचे कागद बघतायत. म्हणाले, "क्लच प्लेट गेली सर. पंधरा हजाराला खड्डा." सरांचा चेहरा पडला. पण शेजारी सुभेदारसाहेब उभे होते ना! फौजेत ट्रक चालवलेला माणूस तो. म्हणाले, "रेस दिली की आरपीएमचा काटा वर पळतो आणि गाडी जागची हलत नाही, तेव्हा क्लच स्लिप. इथे काटाच वर जात नाहीये." तरी म्हणाले, खात्री करू. समोर कुणी नाही बघून सरांना हँडब्रेक ओढायला लावला, ब्रेकवर पाय ठेवायला लावला, तिसरा टाकून हळूहळू क्लच सोडायला सांगितला. फट्‌कन बंद पडली गाडी! "धरलाय क्लच. गेलेला असता तर इंजिन आरामात फिरत राहिलं असतं." अण्णा आकाशाकडे बघायला लागले. लगेच सुभेदारांनी दोन चकरा मारून आणल्या, चारी चाकांजवळ हात नेऊन पाहिला. न लावता हं, नुसता जवळ. कुठलं चाक जास्त तापलेलं नव्हतं. म्हणजे ब्रेक कुठे चिकटलेला नाही. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी उभी ठेवली की मागचा ड्रम चिकटतो म्हणे, आणि मग गाडी बिचारी स्वतःलाच ओढत बसते.

पण अण्णा गप्प बसतील तर ते अण्णा कसले! म्हणाले, "मग इथेनॉल. वीस टक्के इथेनॉल घालतायत पेट्रोलमध्ये, गाड्यांची वाट लागणार नाही तर काय होणार?" आणि कुणासमोर म्हणाले? कारखान्यातल्या तात्यांसमोर! ज्यांचं अख्खं आयुष्य साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत गेलं, ज्यांच्या पोराच्या शिक्षणाला उसाचं बिल लागलं, त्यांच्यासमोर! तात्यांचे कान लाल झालेले मी या डोळ्यांनी पाहिले. म्हणाले, "अण्णासाहेब, लिटरला लिटर धरलं तर इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलच्या दोन-तृतीयांश, कबूल. मग वीस टक्क्यांनी किती कमी झाली? सर, तुम्ही गणिताचे, करा हिशोब." सरांनी बोटांवर केला. सहा-सात टक्के. "हां! म्हणजे ॲव्हरेज थोडं पडेल, कबूल. पण सहा-सात टक्क्यांनी गाडी नाक्यावर मरते होय? आणि मरायचीच तर घाटातही मरायला हवी. थांबून निघतानाच कशी मरते?"

अण्णा म्हणाले, "रबर खातं ते. २०२३ च्या एप्रिलनंतरच्या गाड्यांना चालतं, सरांची २०१८ ची आहे." यावर मात्र तात्यांना पटकन काही बोलता येईना. कारण तेवढं त्यातलं खरं आहे ना, जुन्या गाड्यांचं रबर वीस टक्क्यांच्या हिशोबाने बनवलेलं नाही. तात्या चहा न घेता गेले. दोघांचं बोलणं बंद! दिवाळीच्या फराळाचं ताटही तात्यांकडून अण्णांकडे गेलं नाही या वर्षी.

तर काय सांगत होते… हां, दिवाळी. पाडव्याला जावईबापू आले पुण्याहून. ते आयटीतले. खिशातून काडेपेटीएवढं काहीतरी काढलं, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खुपसलं, मोबाइल उघडला आणि म्हणाले, "पी०१७१. सिस्टीम टू लीन." आम्ही सगळे नुसत्या माना डोलावतोय. म्हणजे काय हो? तर म्हणे हवा जास्त, पेट्रोल कमी. मग मोबाइलवर पाच मिनिटं बोट फिरवून म्हणाले, ऑक्सिजन सेन्सर. मागवला, बसवला, कोड पुसला, चेक इंजिनचा पिवळा दिवा गेला! टाळ्या पडल्या हो अक्षरशः. माईंनी जावयाची दृष्ट काढायचीच बाकी ठेवली होती. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सगळे यवतेश्वरला निघाले. समर्थ मंदिराच्या चढावर पुढे टेम्पो थांबला, हे थांबले, आणि निघताना परत ऊंऽऽ… दिवा परत लागला. जावईबापू उतरून मागे दगड लावायला धावले म्हणे. लेकीने सांगितलं मला, हसत हसत. नवऱ्याचं सांगतेय याचंही भान नाही पोरीला. अहो, कोड म्हणजे तक्रार असते, निकाल नव्हे. थर्मामीटरने ताप आहे एवढंच कळतं, टायफॉइड की मलेरिया ते डॉक्टरने बघायचं.

मग सर गेले हायवेवरच्या त्या चकाचक गॅरेजात. नाव नाही घेत मी, उगाच कशाला. एसीत बसवलं, कॉफी दिली आणि अर्ध्या तासात कागद हातात ठेवला… पेट्रोलचा पंप बदला, कॉइल तिन्ही बदला, प्लग बदला, थ्रॉटल बॉडी साफ करा. आकडा मी सांगत नाही, माईंनी शपथ घातलीय. पण तेवढ्यात माझ्या सुनेचा मिक्सर, फ्रिज आणि वर वॉशिंग मशीन आलं असतं. सर कागद घडी घालून खिशात ठेवून परत आले. त्या रात्री जेवले नाहीत.

आणि मग वहिनी, माईंनीच डोकं चालवलं. सकाळी गुपचूप मावशींना विचारलं, "तुमच्या पुतण्याचा तो मिस्त्री कोण हो?" एमआयडीसीच्या वाटेला पत्र्याची शेड आहे बघा, बाहेर जुने टायर रचलेले, ते मिस्त्रीमामा. सर तोंड वाकडं करत गेले, सोबत माई. आणि तमाशा बघायला मी, अण्णा, सुभेदार… तात्या आले, पण लांब उभे. मधल्या काकूही आल्या हं! बाजारात जायचं निमित्त काढून सरांच्या गाडीत मागे बसल्या होत्या.

मामांनी आधी काय केलं? हत्याराला हात लावला नाही. विचारलं, "नेमकं कधी करते?" बस्स, एवढंच. सर सुरू झाले, पिकअप नाही, ॲव्हरेज नाही, क्लच असेल, इथेनॉल असेल… मामांनी हात वर केला. "काय असेल ते मी बघतो. कधी करते ते सांगा." आणि माई म्हणाल्या, "थांबून निघताना. पळायला लागली की काही नाही. आणि सिग्नलला उभी असली की थरथरते, माझ्या मांडीवरची पिशवी हलते." मामा सरांकडे न बघता माईंकडे वळले. "आणि कधीपासून?" "नवरात्रभर उभी होती, तेव्हापासून." मामा हसले. "वहिनी, अर्धं काम केलंत की माझं." सरांचा चेहरा… काय सांगू तुम्हाला! सदतीस वर्षं फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस, पहिल्यांदा मागच्या बाकावर बसला.

मग मामांनी फुकटातलं काम आधी काढलं. ड्रायव्हरच्या पायाखालचं ते जाड मॅट उचलून बाहेर टाकलं, कारण ते पुढे सरकलं तर पॅडल पूर्ण दबतच नाही म्हणे. एअर फिल्टर काढून उजेडात धरला, धूळ होती पण चोक नव्हता. कॉइल बदला म्हणाले होते ना तिकडे? मामांनी एका सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्याला लावली, दुसऱ्याची पहिल्याला. दोष कॉइलचा असता तर तो कॉइलबरोबर फिरला असता. नाही फिरला. पेट्रोलच्या लाइनला गेज लावलं, साडेतीन बारवर काटा असा स्थिर. "पंप ठणठणीत आहे. पंप थकला असता तर घाटात, भरल्या गाडीला, जोरात पळताना दम सोडला असता. तुमचं उलटं आहे."

आणि मग म्हणाले, "जावयाचं ते खेळणं आणलंय का?" आणलं होतं. मामांच्या पोराने ते लावलं आणि कोडकडे बघितलंच नाही. लाइव्ह डेटा काढला. त्यात फ्युएल ट्रिम म्हणून आकडा असतो, कॉम्प्युटर हिशोबाहेर किती जास्तीचं पेट्रोल सोडतोय त्याचा. गाडी उभ्या जागी चालू, तर आकडा २२. पोराने रेस देऊन २५०० आरपीएमवर धरली, तर आकडा उतरत उतरत ४! मामांनी बोटाने काचेवर टकटक केलं. "बघा. उभी असताना हवा चोरून येतेय. कुठेतरी पाइप फुटलाय."

मला काही कळेना, तर सरांनीच समजावलं परत येताना. सर आता शिकवायच्या मूडमध्ये आलेले, चेहरा थोडा सावरला होता. म्हणाले, एक भाग पेट्रोल जाळायला साधारण १४.७ भाग हवा लागते, वजनाने. आत जाणारी हवा सेन्सर मोजतो आणि कॉम्प्युटर त्या मापाने पेट्रोल सोडतो. पण मोजल्या जागेच्या पुढे भोक पडलं की तिथून न मोजलेली हवा आत. मिश्रण पातळ. आणि गाडी उभी असते तेव्हा थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद, म्हणून इंजिन आतून जोरात ओढत असतं, भोकातून सगळ्यात जास्त हवा तेव्हाच शिरते. त्यात पाय दाबला की एकदम पेट्रोल हवं असतं, ते कमी पडतं, म्हणून गचका. एकदा झडप उघडली, गाडी पळाली, की ढीगभर मोजलेली हवा येते आणि चोरटी हवा त्यात किस झाड की पत्ती! म्हणून पळताना ठीक. म्हणजे माईंनी पहिल्या दिवशी सांगितलं तेच, हो की नाही? सरांना असं मी म्हणाले, तर ते खिडकीबाहेर अजिंक्यतारा बघायला लागले.

तर काय सांगत होते… हां, भोक. इंजिन गार होऊ दिलं मामांनी, मग चालू करून पाइपांच्या सांध्यांवर बारीक बारीक स्प्रे मारत गेले. ज्वलनशील असतो तो, अण्णा पुढे वाकले तर केवढ्याने ओरडले त्यांच्यावर! एका ठिकाणी स्प्रे पडला आणि इंजिनाचा आवाजच बदलला. मागच्या बाजूला, खाली, ब्रीदरचा रबरी पाइप. मामांनी हात घालून तो ओढून काढला. खालच्या अंगाला चांगलं पैशाएवढं भोक.

अण्णा लगेच, "बघा! म्हटलं नव्हतं? इथेनॉलने खाल्लं रबर!" तात्यांचा चेहरा उतरला हो, खरंच. मान खाली. मामांनी पाइप उजेडात धरला, आपल्या बनियनच्या टोकाने पुसला आणि अण्णांच्या नाकासमोर नेला. "इथेनॉलला दात असतात का, साहेब?" भोकाच्या कडेने बारीक बारीक जोडीजोडीच्या खुणा! उंदीर! तात्या असे ताठ झाले… एक अक्षर बोलले नाहीत, नुसती तंबाखूची डबी काढली आणि अण्णांपुढे धरली. अण्णांना घ्यावी लागली.

पण अजून कुठे संपलंय! मामा म्हणाले, "उंदीर आहे म्हणजे संसारही असणार." बॅटरीच्या मागच्या खोबणीत टॉर्च मारला, दोन बोटं घातली आणि काढलं… काय असेल? माईंच्या देव्हाऱ्यातल्या कापसाच्या वातींचा पुंजका. वर्तमानपत्राचे तुकडे. आणि शेंगांची टरफलं! मूठ-मूठ टरफलं, वहिनी! मामा काढतायत, खाली टाकतायत, काढतायत, टाकतायत. काही शेंगा तर अख्ख्या, फोडायच्या राहिलेल्या. सगळ्यांची डोकी हळूहळू वळली. मी तर आधीच बघत होते. काकूंचं तोंड एवढंसं झालेलं. पदर सारखा करतायत, पिशवी या हातातून त्या हातात. माई काहीच बोलल्या नाहीत हं, हे मानलं मी त्यांना. एक शेंग उचलली, फोडली, दाणा बघितला आणि म्हणाल्या, "चांगल्या भरल्यात यंदा शेंगा." बास. मला तर श्वासच घेता येईना.

पाइप बदलला. कितीला? दोनशे-अडीचशेच्या घरात सगळं मिटलं, मामांची मजुरी निराळी. आकडा २२ चा ३ वर आला, दिवा पुसला तो परत लागला नाही. सर यवतेश्वरला जाऊन आले, घाटात मुद्दाम मध्ये थांबून परत काढली म्हणे गाडी, आणि ती अशी उठली की माईंच्या हातातले कंदी पेढे खाली पडले. जावयाला फोन करून सांगितलं, तुझ्याच खेळण्यात उत्तर होतं रे, फक्त पुढचं पान उघडायला हवं होतं. ते काय म्हणाले ते कळलं नाही, लेकीला विचारीन.

आणि काकू? अहो, त्यानंतरही आणखी पाच दिवस भांडी स्वतः घासली. मग परवा अंधार पडल्यावर मावशींच्या घरी गेल्या, हातात पिशवी. आमच्या दूधवाल्याने पाहिलं, म्हणून कळलं. माफी मागितली की नाही ते माहीत नाही, पण मावशी म्हणाल्या म्हणे, "येते, ताई. पण पगार वाढवून. आणि किल्ली नको मला कुणाची." चारशे वाढवून घेतले! आज सकाळी भांड्यांचा आवाज येत होता तिकडून, चांगला जोरजोरात. मुद्दाम आपटत असणार.

बाकी गल्लीत आता सगळ्यांचा उद्योग एकच. अण्णांनी बॉनेटमध्ये डांबरगोळ्या टांगल्यात, सुभेदारांनी तंबाखूची पानं, तात्या म्हणतात जाळी मारून घ्या. मामांचं म्हणणं, यातलं काही करा नाहीतर नका करू, गाडी आठवड्यातून दोनदा हलवत जा आणि आसपास खायला ठेवू नका. उंदराला हलतं घर आवडत नाही.

हो, आणि वहिनी… तुमचे हे दौऱ्यावर आहेत ना? तुमची गाडी दसऱ्याला पूजेपुरती पुढे घेतली होती, त्यानंतर जागची हललेली मी तरी पाहिली नाही. आणि तुमच्याकडे गहू आत्ताच भरलेत, पोर्चलाच पिंप आहे. नाही, घाबरवत नाही हो मी. ते आले की बॉनेट उघडायला सांगा. फक्त उघडाल तेव्हा मला हाक मारा, मी गॅस बंद करून लगेच येते!